कॅम्पिंगचं सांडपाणी: कुठे मुरवायचं, कुठे पसरायचं आणि कधी परत आणायचं

मुरबाड, शहापूर, बदलापूरच्या बाजूला शनिवार-रविवारी तंबू ठोकणारे वाढले, तसं ओढ्याकाठी एक दृश्य सारखं दिसायला लागलं आहे. दगडांच्या फटीत अडकलेली शितं, पाण्यावर तेलाचा तवंग, कडेला साबणाच्या फेसाचा पुंजका. प्लॅस्टिक परत न्यायचं हे आता बहुतेकांच्या अंगवळणी पडलंय. पाण्याचं मात्र अजून चुकतं, आणि चुकतं ते ठरावीक वेळी. जेवणं उरकलेली असतात, अंधार पडलेला असतो, तेलकट पाण्याने भरलेला टोप हातात असतो आणि तेव्हा कुठे प्रश्न पडतो, 'हे आता ओतायचं कुठे?' त्या वेळी सगळ्यात जवळ ओढाच असतो.

म्हणून या लेखातली मुख्य गोष्ट एकच: सांडपाण्याची जागा चूल पेटायच्या आधी ठरलेली असली पाहिजे. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत आणि क्रम बदलू नका.

इथे सांडपाणी म्हणजे भांड्यांचं, हात-तोंड धुतल्याचं आणि आंघोळीचं पाणी. शौचाचा विषय पूर्ण वेगळा. त्याचा खड्डा वेगळा, जागा वेगळी. दोन्ही एकाच खड्ड्यात कधीही करू नका.

## टप्पा १ : घरी करायची तयारी

निम्मं सांडपाणी घरातच वाचवता येतं. मटण, चिकन किंवा मासे घरी धुऊन, मसाला लावून डब्यात न्या. मांस धुतलेलं पाणी हे कॅम्पवरचं सगळ्यात त्रासदायक सांडपाणी. त्याचा वास रात्रभर जात नाही, कुत्री येतात, आणि जंगलालगतच्या भागात कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. भाज्या धुऊन, चिरून न्या. कडधान्य भिजवून, पाणी काढूनच भरा. तांदूळसुद्धा घरी धुऊन पंचावर वाळवून नेता येतो.

जेवणाचा बेत ठरवतानाही पाण्याचा विचार करा. भात बसवा, पेज काढून ओतून देऊ नका. पिठलं-भाकरी, खिचडी, थालीपीठ अशा जेवणाला भांडी कमी लागतात. तळण टाळा. कढईत उरलेल्या तेलाला रानात कुठेच जागा नसते. तळायचंच असेल तर गार झालेलं तेल झाकणाच्या बाटलीत भरून घरी आणावं लागेल, हे आधीच मान्य करा.

सामान असं लागेल:

- पसरट तोंडाचे दोन टब किंवा घमेली. एक साबणाच्या पाण्याला, एक विसळायला.
- घट्ट झाकणाचा दहा लिटरचा कॅन. त्यावर लाल रंगाने मोठ्या अक्षरात 'सांडपाणी' लिहा, म्हणजे रात्री तहानेच्या भरात कोणी तोंडाला लावणार नाही.
- जुन्या धोतराचा किंवा सुती साडीचा तुकडा, गाळायला. चहाची गाळणी एकटी पुरत नाही, बारीक कण तिच्यातून निसटतात.
- खुरपं. फावड्याची गरज नाही.
- काथ्या किंवा नारळाची शेंडी.
- साबणाची छोटी बाटली. घरची मोठी बाटली नेली की हात सैल सुटतो.
- खरकट्यासाठी दोन जाड पिशव्या, एकात एक घालून.
- एक मग. दोन लिटरच्या तांब्याने सगळेच जास्त पाणी ओततात.

साबण निवडताना : सुवास आणि रंग नसलेला द्रवरूप साबण घ्या. कपड्यांची पावडर अजिबात नको, तिच्यातल्या सोडियमने मातीचा पोत बिघडतो. ब्लीच आणि जंतुनाशक द्रावणंही नकोत. सांडपाणी पचवणारे मातीतले जिवाणूच त्याने मरतात.

आता 'बायोडिग्रेडेबल' या शब्दाबद्दल. तो बाटलीवर असला म्हणजे साबण पाण्यात सोडायला हरकत नाही, असा समज पक्का बसलाय. खरं असं आहे की असा साबण मातीतल्या जिवाणूंच्या संगतीत विघटित होतो. ओढ्यात पडला तर विघटन व्हायच्या आधीच माशांच्या कल्ल्यांना आणि पाण्यातल्या किड्यांना इजा करतो. रिठ्याचंही तेच. रिठ्यातला फेस ज्या द्रव्यामुळे येतो ते माशांना विषारी आहे, आणि मासे गुंगवून धरायला रिठ्यासारखी फळं वापरण्याची पद्धत जुनी आहे. घरचा, आजीच्या काळचा म्हणून रिठा ओढ्यात चालतो, असं समजू नका.

## टप्पा २ : पोचल्यावर पहिलं काम, जागा बघणं

तंबू नंतर. आधी पाणी कुठे आहे आणि उतार कुठे चाललाय ते बघा.

पाण्यापासून किमान साठ मीटर लांब जायचं, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण ऐंशी पावलं. ती मनातल्या मनात न मोजता खरंच चालून मोजा. अंदाजाने ठरवलेले साठ मीटर मोजल्यावर पंचवीस निघतात. विहीर, बोअर, झरा, भाताची खाचरं, तंबूंची जागा आणि पायवाट यांच्यापासूनही लांब राहा. विहिरीच्या वरच्या अंगाला तर अजिबात नाही.

आपल्या भागात अंतर मोजताना तीन ठिकाणी हमखास फसायला होतं.

पहिलं ठिकाण, धरणाचा जलाशय. भातसा, बारवी किंवा मोरबेच्या काठी एप्रिल-मेमध्ये पाणी बरंच आत गेलेलं असतं आणि तुम्ही ज्या सपाट, मोकळ्या जमिनीवर उभे असता ती जमीन ऑगस्टमध्ये पाण्याखाली असते. तिथे खड्डा खणून मुरवलेलं पाणी थेट जलाशयात मुरवल्यासारखंच आहे. अंतर आजच्या पाण्याच्या कडेपासून मोजू नका. जिथून झाडं-झुडपं सुरू होतात, दगडांवर फिकट पट्टा दिसतो, ती धरण भरल्याची खूण. साठ मीटर तिथून पुढे. हे पाणी परक्याचं नाही. भातसाचं पाणी मुंबई-ठाण्याला येतं, बारवीचं एमआयडीसीमार्फत ठाणे आणि नवी मुंबईच्या परिसराला, मोरबेचं नवी मुंबईला. आपल्याच नळाच्या वरच्या टोकाला बसून आपण भांडी घासत असतो.

दुसरं, कोरडा ओहोळ. फेब्रुवारीत तो नुसती दगडांची वाट दिसतो, पण जून उजाडला की तोच ओढा. कोरड्या ओहोळाला वाहत्या ओढ्याइतकंच अंतर द्या.

तिसरं ठिकाण नदीच्या पात्रातली वाळू. पाणी झटकन नाहीसं होतं म्हणून लोकांना ती जागा आवडते. पण वाळूत पाणी गाळलं जात नाही, नुसतं खाली जातं. उन्हाळ्यात नदी आटली की गावातल्या बायका याच वाळूत झिरा उकरतात आणि वाटी-वाटीने हंडा भरतात. शहापूर तालुक्यातून मुंबईला पाणी जातं आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. तिथल्या झिऱ्याच्या वर आपलं तेलकट पाणी ओतणं हा अन्याय आहे.

मालकाला विचारा : खाजगी शेतावर तंबू असेल तर जागा स्वतः शोधू नका. 'दादा, तुमच्या मोरीचं पाणी कुठे जातं? आमचंही तिकडेच सोडलं तर चालेल का?' एवढं विचारा. बहुतेक घरांच्या मागे केळीची नाहीतर अळूची आळी असतात आणि मोरीचं पाणी तिकडे वळवलेलं असतं, किंवा शोषखड्डा असतो. तयार सोय असताना नवा खड्डा खणायचं काही कारण नाही. फक्त गाळलेलं आणि तेल नसलेलं पाणीच तिथे सोडा. अळूची भाजी त्यांच्या ताटात जाते.

थांबा : येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तानसा अभयारण्य आहे. वन विभागाच्या परवानगीशिवाय अशा ठिकाणी मुक्काम करायचा नाही आणि खणायचं तर नाहीच.

## टप्पा ३ : माती तपासा, मग मार्ग ठरवा

सांडपाण्याला तीन वाटा आहेत: पसरणं, मुरवणं आणि परत नेणं. कोणती घ्यायची ते जमीन सांगते.

निवडलेल्या जागी खुरप्याने वीतभर खोल खळगा करा. त्यात लिटरभर साधं पाणी ओता आणि बघा.

पाणी हळूहळू, काही मिनिटांत मुरलं आणि माती काळसर-तपकिरी, मुळं-पालापाचोळा असलेली असेल तर इथे मुरवता येईल. अर्ध्या तासानेही पाणी तसंच उभं असेल तर माती चिकण आहे किंवा आधीच भरलेली आहे. इथे खड्डा म्हणजे डासांची सोय. ओतताक्षणी गडप झालं तर खाली मुरमाड भेगा आहेत. ही तिसरी जागा लोकांना सगळ्यात चांगली वाटते आणि तीच सगळ्यात वाईट, कारण मातीला पाणी धरून ठेवायला वेळच मिळत नाही.

वीतभर खणायच्या आत खुरपं खणकन वाजलं तर खाली कातळ आहे. सह्याद्रीच्या माथ्यांवर हे कायम होतं. माहुली, गोरखगड, सिद्धगड अशा डोंगरांवर माती पातळ आहे आणि माथ्यावरचं पिण्याचं पाणी खडकात खोदलेल्या टाक्यांचं. टाक्यात वाहतं पाणी नसतं; एकदा साबण पडला की तो पुढच्या पावसापर्यंत तिथेच. म्हणून गडावर साबण वापरायचाच नाही आणि खणायचंही नाही. पत्रावळीवर जेवा, टोप कोरडा पुसा, खाली आल्यावर घासा. पत्रावळ खऱ्या पानांची असू द्या. चकचकीत अस्तराच्या पत्रावळीचा कचरा परतच आणावा लागतो.

पावसाळ्यात : जून ते सप्टेंबर आपल्याकडची जमीन भिजून तुडुंब असते. मुरवलेलं पाणी मुरत नाही, पुढच्या सरीबरोबर वर येऊन उताराने ओढ्यात जातं. या चार महिन्यांत साबणाचं आणि तेलकट पाणी कॅनमध्ये भरून परत आणणं हाच एक मार्ग धरा. पाऊस एवढा पडतोय, सगळं वाहून जाईल, असं म्हणतात. वाहून जातं हीच तर अडचण आहे.

## टप्पा ४ : खड्डा करणं

सहा-आठ जणांच्या एका रात्रीच्या मुक्कामाला एक खड्डा पुरतो.

१. वरचा गवताचा थर खुरप्याने सलग कापून अलगद उचला आणि सावलीत, मूळ बाजू खाली करून ठेवा. शेवटी तो तसाच परत बसवायचा आहे.

२. पंधरा ते वीस सेंटिमीटर खोल खणा, जास्त नाही. खोल खड्डा म्हणजे चांगला खड्डा, हा गैरसमज फार जणांचा असतो. जिवाणू, गांडुळं, बारीक मुळं हे सगळं वरच्या थरात असतं. दोन फूट खाली ओतलेलं पाणी पचवायला तिथे कोणी नसतं. जागा कमी पडते असं वाटलं तर खड्डा रुंद करा.

३. उकरलेली माती कडेला एकाच ढिगात ठेवा, उताराच्या खालच्या बाजूला. ती बांधासारखं काम करते.

४. तोंडावर वाळक्या गवताचा पेंढा पसरा. उरलासुरला तेलाचा अंश त्यावर अडकतो.

झाडाच्या बुंध्याशी खणू नका, मुळं तुटतात. काम उजेडी उरका. खड्ड्याजवळ एक काठी रोवून तिला पांढरी चिंधी बांधली की रात्री बॅटरीच्या उजेडात जागाही सापडते आणि कोणाचा पायही पडत नाही.

## टप्पा ५ : भांडी, ठरलेल्या क्रमाने

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सावकाश वाचा. क्रम असा: आधी खरकटं, मग तेल, मग पाणी, आणि साबण अगदी शेवटी. आपण घरी बरोबर उलटं करतो. नळ सोडतो, साबण लावतो आणि खरकटं जाळीवर अडकेल या भरवशावर राहतो. रानात जाळी नाही आणि नळही नाही.

खरकटं काढा. ताट भाकरीच्या तुकड्याने पुसून खाल्लं की निम्मं काम झालं. टोपाच्या तळाची खरपूड उलथन्याने काढून पिशवीत टाका. हाडं, मिरच्यांची देठं, कढीपत्ता, सगळं पिशवीत. 'कुजेल आपोआप' म्हणून झुडपात भिरकावू नका. शिजलेलं, मिठाचं अन्न रानडुकरांना आणि वानरांना माणसाच्या मुक्कामाची सवय लावतं.

तेल काढा. मटणाचा टोप घ्या. गार होऊ दिला तर तळाशी आणि कडांना पांढरट थर धरलेला दिसेल. त्यावर कोरडी चाळलेली राख मूठभर टाका आणि काथ्याने गोल गोल घासा. राख आधी पिवळसर होते, मग तिचे गोळे होतात, आणि गोळे झाले की समजायचं, तेल तिने ओढून घेतलंय. ती राख खड्ड्यात न टाकता खरकट्याच्या पिशवीत टाका. राख शेतावरच्या घरी चुलीतली मागितली तर मिळते. ती पूर्ण विझलेली आहे ना, ते हात लावून बघा. राख नसेल तर जुन्या वर्तमानपत्राने पुसा. बोट फिरवून बघितलं आणि बोट बुळबुळीत लागलं नाही, म्हणजे पुढे जायचं.

मग पाणी. पहिल्या टबात तीन-चार लिटर कोमट पाणी आणि साबणाचे चार-पाच थेंब. दुसऱ्या टबात तेवढंच साधं पाणी. पेले आधी, मग चमचे-ताटं, मग टोप, शेवटी कढई. स्वच्छ भांड्यापासून घाणीकडे गेलं तर एकाच पाण्यात सगळी भांडी निघतात. उलट गेलात तर दुसऱ्या भांड्यालाच पाणी बदलावं लागतं. विसळलेलं पाणी फार गढूळ झालं नसेल तर सकाळी तेच पहिल्या टबात वापरा. जंतूंची काळजी वाटत असेल तर शेवटी उकळतं पाणी मगभर फिरवा, औषधं घालू नका.

तपासा : सहा जणांच्या एका जेवणाचं पाणी एका कॅनमध्ये मावलं पाहिजे. कॅन भरून वाहायला लागला तर मागच्या दोन पायऱ्यांमध्ये कुठेतरी घाई झाली आहे.

## टप्पा ६ : गाळणं आणि ओतणं

सुती तुकडा दुहेरी करून कॅनच्या किंवा रिकाम्या टोपाच्या तोंडावर बांधा आणि पाणी हळूहळू ओता. फडक्यावर जे उरेल ते पिशवीत. फडकं झटकू नका, पिळून तसंच गुंडाळा.

गाळलेलं पाणी खड्ड्यात थोडं थोडं ओता. एक मग ओता, मुरू द्या, मग पुढचा. प्रत्येक खेपेनंतर मूठभर माती पसरा, वास दबतो आणि माश्या बसत नाहीत. पाणी काठापर्यंत येऊन थांबलं तर ओतणं थांबवा, उरलेलं कॅनमध्येच ठेवा. खड्ड्याचं पोट भरलंय हे मान्य करायचं.

हात धुतल्याचं, चहाचे पेले विसळल्याचं, असं साबण-तेल नसलेलं थोडं पाणी असेल तर खड्ड्याची गरज नाही. तेच साठ मीटरचं अंतर राखून, ऊन लागणाऱ्या कोरड्या जागी हात गोल फिरवत लांबवर शिंपडा. एका जागी भडकन ओतू नका आणि दर वेळी जागा बदला.

सांडपाणी बंद कॅनमध्ये चोवीस तासांच्या वर ठेवू नका. आतले अन्नाचे कण कुजायला लागतात आणि झाकण उघडल्यावर येणारा वास गाडीतून आठवडाभर जात नाही. दोन रात्रींचा मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी नवा खड्डा, जुन्यापासून दहा-बारा पावलं लांब.

## टप्पा ७ : आंघोळ, दात, कपडे

डोहात उतरणं आणि आंघोळ करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोहायचं असेल तर आधी अंगावरचं सनस्क्रीन, डासांचं मलम आणि डोक्यावरचं खोबरेल ओल्या पंचाने पुसून काढा, काठापासून लांब. बेडकांची पिल्लं आणि मासे ज्या पाण्यात श्वास घेतात त्यात हे सगळं उतरतं. साबणाची आंघोळ करायची असेल तर अर्धी बादली घेऊन साठ मीटर मागे जा आणि मातीवर उभं राहून करा, कातळावर नाही. एका रात्रीसाठी ओल्या पंचाने अंग पुसणं खरंच पुरतं.

ओले टिश्यू वापरत असाल तर ते पुरायचे नाहीत, त्यात बरेचदा प्लॅस्टिकचे धागे असतात.

दात घासताना पेस्ट मटारच्या दाण्याएवढीच घ्या, चूळ एका जागी न थुंकता फवारल्यासारखी उडवा. कपडे धुवायचेच नाहीत. चिखल वाळला की झटकून पडतो.

## टप्पा ८ : निघताना

खड्डा भरा, माती पायाने हलकी दाबा, गवताचा थर उचलून जागेवर बसवा आणि वर मगभर स्वच्छ पाणी शिंपडा म्हणजे मुळं धरतात. तेलकट झालेला पेंढा खड्ड्यात न गाडता पिशवीत घ्या. पुरला तर डुकरं तो उकरतात. काठी आणि चिंधी काढा. मग उताराच्या खालच्या बाजूने एक फेरी मारून बघा, कुठे ओघळ गेलाय का. गेला असेल तर कोरडी माती टाकून तो तोडा.

## टप्पा ९ : कॅन घरी आणल्यावर

शेवटची चूक घराच्या दारात होते. कॅन गाडीतून उतरवला जातो आणि सोसायटीच्या फाटकाजवळच्या जाळीत रिकामा केला जातो. ती जाळी पावसाच्या पाण्याची. तिच्यातलं पाणी कुठलीही प्रक्रिया न होता नाल्यातून खाडीला जातं. नवी मुंबईत बऱ्याच ठिकाणी आधी धारण तलावात, म्हणजे पावसाचं पाणी साठवून धरणाऱ्या तलावात, आणि तिथून खाडीला. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. साठ मीटर मोजून, गाळून, जपून आणलेलं पाणी तिथे सोडायचं नाही.

कॅन घरात आणा आणि संडासात ओता, म्हणजे पाणी मलवाहिनीतून प्रक्रिया केंद्राकडे जातं. वॉशबेसिनमध्ये नको, उरलेल्या तेलाने पाइप तुंबतो. खरकट्याची पिशवी ओल्या कचऱ्यात रिकामी करा, पिशवी धुऊन सुक्यात. तळणीचं तेल बाटलीतच राहू द्या. गोळा करणारे असतील तर त्यांना द्या, नाहीतर कागदात किंवा लाकडाच्या भुशात शोषवून कचऱ्यात टाका.

कॅनमध्ये गरम पाणी आणि मूठभर खाण्याचा सोडा घालून खळखळ हलवा, तासभर ठेवा, ओता, आणि झाकण उघडं ठेवून दोन दिवस उन्हात पालथा घाला. फडकं उकळत्या पाण्यातून काढा. लाल अक्षरं पुसट झाली असतील तर तेव्हाच पुन्हा रंगवून ठेवा. हा कॅन पिण्याच्या पाण्याला पुन्हा कधीही वापरायचा नाही, घरात पाणी नसेल त्या दिवशीही नाही.